बहिरे हात

७ जानेवारी २०२४, रविवार. लातूर

गणपतीच्या सुमारास शेवटचं लिहिलं होतं, त्यानंतर थेट आज. आधी माफी मागते. कॉलेजातल्या सहामाहीचे पेपर, गॅदरिंग, पाहुणे ही कारणं खरी आहेत, पण पुरेशी नाहीत. लिहायला बसलं की स्वतःला विचारावं लागतं, आणि ते मी टाळत होते. आज टाळता येणार नाही.

आज महिन्याचा पहिला रविवार म्हणून चर्चमध्ये प्रभुभोजन होतं. गुडघे टेकायला सगळी ओळ उठली. माझ्या सासूबाई बसूनच राहिल्या. मला वाटलं, गुडघा दुखत असेल. पाळकसाहेब भाकर घेऊन त्यांच्या जागेपाशी आले, तर त्यांनी हात मागे घेतला आणि मान हलवली. सगळ्या चर्चने पाहिलं.

घरी आल्यावर विचारलं, "आई, बरं वाटत नव्हतं का?"

"बरं हाय की."

"मग घेतलं का नाही?"

त्या शेंगा फोडत होत्या. हातातली शेंग तशीच ठेवून म्हणाल्या, "माझे हात बहिरे झालेत, उज्वला."

मला कळलं नाही. मग त्या हळूहळू बोलल्या. "दिवाळीपासून ऊब येईना. कुणावर बी हात ठेवला तरी दगडावर ठेवल्यावानी. देवानं दान काढून घेतलं. चुकलं असंल काहीतरी माझं. ज्यानं काढून घेतलं, त्याच्याच ताटात कसं जेवावं?"

बऱ्याच वर्षांनी वाचताना मलाच समजावं म्हणून सगळं लिहून ठेवते. सासूबाई म्हणजे चतुराबाई, मूळच्या जळकोटच्या. तीस-एक वर्षं त्या आजारी माणसाच्या अंगावर हात ठेवून प्रार्थना करतात. हात ठेवला की त्यांच्या तळव्याला ऊब येते. ऊब आली की देवाने ऐकलं, असा त्यांचा हिशेब. आमचे लोक येतात, शेजारचे लिंगायत येतात, मोमीनवाड्यातल्या बाया येतात. त्या कुणाकडून नारळही घेत नाहीत.

आणि मी पप्पांची मुलगी. पप्पांनी मास्तरकी सांभाळून नांदेडच्या आमच्या जुन्या मिशनच्या चर्चमध्ये कित्येक वर्षं उपदेश केला. बरं करण्याची, संदेश सांगण्याची, अन्य भाषा बोलण्याची दानं प्रेषितांच्या काळापुरती होती, असं ते सांगत. त्यांचा दाखला पाठ आहे मला: रोप लहान असतं तोवर हाताने पाणी घालावं लागतं, झाड झालं की मुळं आपली आपण पितात. मी या शिकवणीत वाढले आणि लग्न करून या घरात आले. कुणाचं खरं, हे वीस वर्षांत मी उघडपणे कधी विचारलं नाही.

आई म्हणाल्या "दान काढून घेतलं", तेव्हा मला क्षणभर बरं वाटलं. पप्पांचं खरं ठरल्यासारखं. हे कुणाला सांगणार नाही, पण इथे लिहायलाच हवं.

"हात बहिरे झालेत." दुपारपासून हे वाक्य डोक्यातून जात नाही. देवाचा आवाज ऐकू न येणारे हात. शाळेचं तोंडही न पाहिलेल्या बाईला हे सुचावं!

९ जानेवारी

आई बाजारातून एकाच पायात चप्पल घालून आल्या. आमच्या शेजारी बियाण्याचं दुकान आहे, त्या वीरण्णांच्या बायको रुद्राणीबाई पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी हाक मारली, "अय्यो अक्का, दुसरी गहाण ठेवली का?"

आईंनी खाली पाहिलं. त्यांनाही नवलच वाटलं. "कवा निसटली गं? कळालंच न्हाई."

मन ठिकाणावर नाही त्यांचं. रात्री दोन-तीनदा उठतात, तांब्याभर पाणी पितात, मोरीकडे जातात, परत येऊन बसतात. प्रार्थना सोडली म्हणतात, पण पहाटेची सवय सुटली नसावी. त्या बसतात तेव्हा मी झोपेचं सोंग घेते. त्यांचं आणि देवाचं जे चाललं असेल त्यात मी पडू नये.

११ जानेवारी, येळवस

आज वेळ अमावस्या, रानात जाऊन पूजा आणि जेवण करायचा सण; सगळं लातूर रिकामं. दुकानं बंद, रस्त्यावर कुत्रीसुद्धा नाहीत, जो तो शेतात. रुद्राणीबाईंच्या मुरुड रस्त्याच्या शेतावर दरवर्षीप्रमाणे आम्हीही गेलो. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं; आत पांडव म्हणून दगड मांडलेले. पूजेच्या वेळी आम्ही बाजूला बोरीखाली बसतो, जेवायला मात्र पहिल्या पंगतीला. भज्जी, ताकातली आंबील, बाजरीचे उंडे. माझ्या नवऱ्याने, सुदर्शनने, इतकी आंबील प्यायली की तिथेच झोपला.

तूर नुकतीच काढलेली होती. रानभर तिची धसकटं, सुईसारखी टोकदार. आई अनवाणीच फिरत होत्या, म्हणाल्या चपला बांधावर काढल्यात. जेवायला बसलो तर रुद्राणीबाई एकदम ओरडल्या, "अक्का! रगत!"

आईंच्या मागे घोंगडीवर लाल ठसे उमटले होते. उजव्या पायाच्या अंगठ्याखाली बोटाच्या पेराएवढं धसकट रुतलं होतं. वीरण्णांनी ते चिमट्याने ओढून काढलं. मला बघवेना. आई मात्र उंड्याचा घास चावत होत्या.

"दुखलं न्हाई?" वीरण्णांनी विचारलं.

"न्हाई बा."

वीरण्णांनी कपाळाला हात लावून त्यांना नमस्कार केला. "ही बाई आपल्यातली न्हाई. देहाच्या पल्याडची हाय."

मला हसू आलं नाही. खरंच, वेदना न होणं म्हणजे काय? जुन्या हुतात्म्यांबद्दल असं लिहिलेलं वाचलं आहे. एक दान गेलं आणि दुसरं आलं, असं असू शकेल का? माझं मन अशा ठिकाणी फार लवकर पोचतं, याचीही मला शंका येते.

हळद लावून चिंधी बांधली. थंडी आहे, म्हणून वरून मोजे घातले.

१४ जानेवारी

दुपारी ब्रदर हरिओम आले. कोचिंग क्लासच्या वरच्या हॉलमध्ये त्यांची संगती, म्हणजे प्रार्थनासभा, भरते. कुणी नावाबद्दल विचारलं की म्हणतात, "नाव बापानं ठेवलं, पाप प्रभूनं काढलं. दोघांचा मान राखतो."

ते आईंना मम्मी म्हणतात. "मम्मी, सत्तावीसला नांदेडला मोठी सभा हाय. तुमी यायचं. हजारो लोक तुमच्यासाठी एकदम हात वर करतील. दान परत येतंय का न्हाई बघू."

मी मध्ये पडले. "ब्रदर, परत यायला ते या काळात असतं का, हाच माझा प्रश्न आहे."

"मॅडम, देव काल होता तोच आज हाय का न्हाई?"

"आहे."

"मग त्याचा दवाखाना कालच बंद झाला, हे कुठनं आणलं?"

"बरी न झालेली माणसं पाहते, तिथनं."

 ते सावकाश म्हणाले, "माझी बायको न्हाई झाली बरी. तिच्या उशापाशी बसून मी घसा कोरडा केला. तरी मी म्हणतो, दवाखाना चालू हाय. का म्हणतो, ते मला सांगता येत न्हाई."

 बदल्यात काहीतरी चांगलं द्यावं म्हणून मी त्यांना आईंचं ते वाक्य सांगितलं. हात बहिरे झालेत. त्यांनी डोळे मिटले. "काय शब्द हाय, मॅडम!"

संध्याकाळी मोबाइलवर त्यांनी बॅनर पाठवलं. आईंचा फोटो, मागे सोनेरी ढग, वर मोठ्या अक्षरांत: "बहिरे हात पुन्हा ऐकतील!"

आईंना दाखवलं.  "जाते," म्हणाल्या. "तिथं बी ऊब आली न्हाई, तर मग कळलंच."

"काय कळलं?"

"की त्यानं मला टाकलं."

सुदर्शन डाळमिलमधून आला तर त्याने बॅनर पाहून मोबाइल पालथा ठेवला. "तुम्हा बापलेकीला हा वादाचा विषय आहे. माझी आई आहे ती."

त्याचं बरोबर आहे. मी वाद घालते आहे की शोध, मलाच ओळखू येत नाही.

१७ जानेवारी

कॉलेजला अर्धी रजा टाकून मुरुडला गेले. आईंच्या सगळ्या चमत्कारांत मुरुडची गोष्ट सर्वांत मोठी: हणमंतराव नावाच्या शेतकऱ्याची बायको दवाखान्यात मरणाच्या दारातून उठली. लग्नानंतर ती मी कितीदा ऐकली असेल. निदान एका साक्षीदाराला तरी स्वतः विचारावं, असं वाटलं.

हणमंतराव ओट्यावर वाकळ पांघरून बसले होते. मी ओळख सांगितली. म्हातारा आधी जोरात हसला.

"कोण म्हणलं उठली म्हणून? ती तर गेली, पोरी. त्याच दवाखान्यात."

माझं तोंड उतरलं असणार, कारण त्यांनी सुनेला चहा टाकायला सांगितला.

"मग सगळे असं का सांगतात?"

"लोकांला मेलेल्याची गोष्ट सांगायची मजा न्हाई वाटत." मग ते सरळ बसले. "तुझी सासू कशासाठी आल्ती म्हाईत हाय का? शेजारच्या खाटेवरल्या कुणासाठी तरी. माझ्या बायकोला थंडी वाजून राहिली होती. चार घोंगड्या घातल्या तरी कुडकुडायची. तुझ्या सासूनं तिचे पाय धरले. ती म्हणली, ह्या बाईचा हात ऊन लागतो. मी धरले, पोरानं धरले, तर नको म्हणायची. त्या बाईलाच बोलवा. मग ती बाई आपलं माणूस सोडून हिच्यापाशीच बसली, शेवटपर्यंत."

"प्रार्थना केली?"

"ओठ हलत होते. काय म्हणत होती ती जाणे."

"आणि तुम्हाला काय वाटलं? देवाचं काही...?"

"ते तुमी शिकल्याल्यांनी ठरवा. ती निवांत गेली एवढं मी बघितलं."

परतीच्या एसटीत मी मनाशी निकाल लावला: ही गोष्ट बरं करण्याची नव्हेच. म्हणजे सर्वांत मोठा पुरावा गेला. तरी उतरताना मला हलकं वाटायला हवं होतं तसं वाटलं नाही.

१९ जानेवारी

आईंच्या खोलीत कसलासा वास येतोय. उंदीर मेला असावा. सुदर्शनने माळा, ट्रंकांमागची जागा सगळं पाहिलं, काही सापडलं नाही. उदबत्ती लावली.

आईंनी चुलाणावरचं पाणी फडकं न घेताच उतरवलं. मी ओरडले, तर म्हणाल्या, "एवढं कुठं तापलंय?" बोटांवर फोड आले आहेत. सभेपर्यंत उपास धरणार म्हणतात. फक्त पाणी. पाणी तर त्या हल्ली इतकं पितात की घरातला माठ दोनदा भरावा लागतो.

त्यांच्यासमोर आता या विषयाचं नाव काढत नाही. उद्या शनिवार, नांदेडला पप्पांकडे जाते. त्यांनाच विचारते: ज्या बाईला आपलं दान गेलं असं वाटतं, तिला ते कधी नव्हतंच असं सांगणं, हा दिलासा आहे की दुसरा घाव?

२० जानेवारी. नांदेड

जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

पोचले तेव्हा पप्पा अंगणातल्या कडुलिंबाला बादलीने पाणी घालत होते. ते झाड आता घराच्या पत्र्यापर्यंत गेलं आहे.

"पप्पा, एवढ्या मोठ्या झाडाला अजून हाताने पाणी?"

"पाण्याची ओढ दिसली की घालतो." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "काय गं, कशाला हसतेस?"

"काही नाही." त्यांना त्यांच्याच उपदेशाची आठवण करून द्यावीशी वाटली, पण थकलेले दिसले. त्यांच्या पायात ते कुरूप सँडल होते, मागून पट्टा असलेले. मधुमेह निघाल्यापासून घरातही तेच घालतात. नातवंडं त्यांना हवालदार म्हणतात.

चहा झाल्यावर मी सगळी हकीकत सांगितली. प्रभुभोजन, बॅनर, मुरुड. ते ऐकत होते, मधूनमधून डोळे मिटत होते. त्यांना आवडेल म्हणून शेवटी ते वाक्य सांगितलं. "पप्पा, त्या म्हणाल्या, माझे हात बहिरे झालेत. देवाचं ऐकू येईनासं झालेले हात. किती सुंदर रूपक आहे ना?"

पप्पांनी डोळे उघडले. "तुझी सासू कुठली म्हणालीस? जळकोटची ना?"

"हो."

"मग रूपक कुठलं आलं, उजू? तिकडे हातपाय बधिर झाले की बहिरे झाले म्हणतात. मी कंधारला मास्तर होतो तेव्हा थंडीत पोरं रोज म्हणायची, सर, बोटं बहिरी झाली, लिहिता येत नाही." ते पुढे झुकले. "हाताला मुंग्या येत होत्या का आधी?"

"माहीत नाही."

"पाणी फार पितात?"

मी चहाचा कप खाली ठेवला.

"रात्री उठावं लागतं?"

चप्पल. माठ. मोरी. धसकट. एकेक गोष्ट माझ्या डोळ्यांपुढून गेली. आणि मग तो वास.  पप्पांनीच माझ्या हातातून फोन घेऊन सुदर्शनला लावला. "जावईबापू, आईंचा मोजा काढून पाय बघा. नंतर नाही. आत्ता, माझ्याशी बोलत बोलत."

पलीकडे सुदर्शन काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. तो रडत होता एवढं कळलं.

रात्रीची गाडी नाही. पहाटेच्या एसटीने निघते.

२२ जानेवारी. लातूर

साखर इतकी की डॉक्टरांनी आकडा सांगितला तसा सुदर्शन खुर्चीत बसला. अंगठ्याखालची जखम आत सडत गेली होती. साफ केली. अंगठा वाचेल असं म्हणतात, नक्की दोन-चार दिवसांनी सांगतील. अजून आठवडाभर गेला असता तर पायच काढावा लागला असता. आठवडाभर, म्हणजे बरोबर नांदेडच्या सभेपर्यंत.

डॉक्टरांनी आईंना डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनच्या दोऱ्याने तळवे, बोटं, पाय टोचून पाहिले.

"टोचतंय का, आजी?"

"टोचा की."

"टोचतोय."

"कुठं?"

मी भिंतीकडे तोंड केलं. नसा मेल्या आहेत, डॉक्टर म्हणाले. बरीच वर्षं साखर असणार, कधी तपासलीच नाही. खरंच आहे, ज्यांच्याकडे लोक बरे व्हायला येतात त्यांना दवाखान्यात कोण नेणार? माझ्यापुरतं एवढंच लिहिते: दोन आठवडे मी त्यांचा आत्मा तपासत होते, पाय पाहिला नाही.

२५ जानेवारी

अंगठा वाचला.

ब्रदर हरिओम दवाखान्यात आले. त्यांना वाटेतच गाठून मी सगळं सांगितलं, बहिरे म्हणजे काय तेही. ते भिंतीला टेकले. "म्हणजे मी हजार बॅनर छापले... बधिर हात म्हणून?"

"वाक्य मी दिलं होतं, ब्रदर. चूक माझी आहे."

"न्हाई, मॅडम. आपण दोघं लई शिकलेले निघालो." मग आवाज खाली करून म्हणाले, "मला बी हल्ली सारखी तहान लागते. इथंच तपासून घेऊ का?"

मी त्यांना रक्त घेतात त्या खिडकीपर्यंत नेऊन सोडलं. सभेत आईंचं नाव येणार नाही असं त्यांनी स्वतःहून सांगितलं. आत जाऊन प्रार्थना मात्र केली, आणि डॉक्टरांसाठीही केली. मी आमेन म्हटलं.

२९ जानेवारी

आई परवा घरी आल्या. मला वाटलं होतं, कारण कळल्यावर त्यांचा जीव हलका होईल. पहिल्या दिवशी झालाही. "म्हंजी देवानं सोडलं न्हाई, साखरेनं धरलं," असं सगळ्यांना हसत सांगत होत्या.

आज दुपारी मी जखमेची पट्टी बदलताना अचानक म्हणाल्या, "उज्वला, आता न कळणं साखरेचं. मग पयलं कळणं कशाचं?"

"म्हणजे?"

"ती ऊब. ती बी शिरेचीच असंल का? तीस वर्षं मी लोकांला देव म्हणून सांगितलं, आन् ते माझंच रगत तापत होतं का?"

हा प्रश्न मी वीस वर्षं मनात ठेवला होता. आता त्यांनीच तो मला विचारला. पप्पांचा दाखला होता, ब्रदरचा दवाखाना होता. दोन्ही बोलावेसे वाटले नाहीत. मी फक्त मुरुडचं सांगितलं, हणमंतराव बोलले तसं, माझा निकाल न जोडता. ह्या बाईचा हात ऊन लागतो. आमच्यातल्या कुणाचाच लागत नव्हता.

आईंना ती आठवली. "ती होय? तिच्यापाशी मला ऊब आलीच न्हवती गं. म्हणून तर मी उठले न्हाई. म्हणलं, आज येईना, बसून राहू."

मी पट्टी हातात घेऊन तशीच थांबले.

म्हणजे ज्या दिवशी आईंना काहीच जाणवलं नाही, त्या दिवशी त्या बाईला जाणवलं. आजारी माणसाला कुठलाही तळवा ऊन लागतो, हे मला माहीत आहे. पण नवऱ्याचा लागत नव्हता, पोराचा लागत नव्हता. यातून काय सिद्ध होतं? काही नाही. पण त्या दिवशी एसटीत मी जो निकाल लावला होता, तो आज मागे घेते.

संध्याकाळी पप्पांचा फोन आला. आईंनी स्वतः मागून घेतला.

"विहीणबाई, साखर काय म्हणते?"

"अजून तुमच्याएवढी गोड झाले न्हाई, सर."

पप्पा हसले. मग आईंनी विचारलं, "सर, तुमच्या मते मला ते दान कवाच नव्हतं, व्हय ना?"

 मग पप्पा म्हणाले, "मी वाचलं ते सांगत आलो, विहीणबाई. तुमचा हात माझ्या डोक्यावर कधी आला नाही."

"मग या की लातूरला."

"बघतो," पप्पा म्हणाले. वादात पप्पांना "बघतो" म्हणताना मी कधी ऐकलं नव्हतं.

४ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा पहिला रविवार. ओळ उठली, आई बसून राहिल्या.  पाळकसाहेब जवळ आले. आईंनी या वेळी दोन्ही हात पुढे केले. भाकरीचा तुकडा ठेवला, पण बोटांना तो लागेना, निसटून पदरात पडला. त्यांनी डोळ्यांनी शोधला, दोन्ही तळव्यांत धरला आणि खाल्ला.

बाहेर आल्यावर म्हणाल्या, "पाय दुखतो म्हणून बसले होते गं. तुझं तोंड कशाला एवढंसं झालं?" मग स्वतःशीच हसल्या. "दुखतो म्हणले का मी? दुखत कुठं हाय."

पण हात मात्र कुणावर ठेवत नाहीत. कालच दोघी जणी येऊन परत गेल्या. "मला कळत न्हाई आता, उगाच फसवू कशाला," म्हणतात. याला मी काय म्हणणार? मी त्यांच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं.

६ फेब्रुवारी

कॉलेजातून आले तर रुद्राणीबाई आमच्या स्वयंपाकघरात आईंसमोर पाटावर बसलेल्या. त्यांचा खांदा पुन्हा धरला आहे. दहा-अकरा वर्षांपूर्वी तो आईंनी बरा केला, असं त्या साऱ्या गल्लीला सांगतात. तेव्हा गोळ्या, मालिश आणि स्वामींची विभूती हेही चालू होतं, असं मागे मी खोदून विचारलं तेव्हा त्यांनी कबूल केलं होतं. "कुणाच्यानं झालं ते त्यांचं ते बघून घेतील," वर असंही म्हणाल्या होत्या.

"ठेव की अक्का हात. किती वेळ बसू?"

"रुद्राणी, सांगितलं ना तुला. हाताला काही कळत न्हाई माझ्या."

"तुझ्या हाताला कशाला कळाया पायजे?" रुद्राणीबाई वैतागल्या. "खांदा माझा हाय. दुखतं मला. कळलं तर मला कळंल!"

 मी दारात पर्स घेऊन उभी होते. गॅसवर दूध होतं, ते वर येत होतं, पण मला हलवेना.

मग आईंनी हात उचलला. नीट बसलाय का ते कळत नाही म्हणून डोळ्यांनी पाहून ठेवला, आधी कानाजवळ, मग सरकवत खांद्यावर. फोडांचे डाग अजून गेलेले नाहीत. ओठ हलायला लागले. काय म्हणत होत्या ते मला ऐकू आलं नाही.

दूध उतू गेलं. मी गॅस बंद केला. आई उठून गेल्यावर रुद्राणीबाईंना विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं: लागली का ऊब? त्यांनी खांदा एकदा फिरवला, पदर सावरला आणि म्हणाल्या, "दूध सांडवलंस. आता चहा कशाचा करतीस?"

मी विचारलं नाही. घाबरून नाही. उत्तर काहीही आलं असतं तरी मी त्याची लगेच साक्ष करून टाकली असती, आणि ती ऊब, लागली असेल तर, त्यांची होती.

पप्पा रविवारी येतो म्हणाले आहेत.

उद्या: आईंसाठी मागून पट्टा असलेली चप्पल आणायची.